‘व्हाइट नाइट्स’ पणजीत आणायची आहे, शेवटावरून आमच्यातच भांडण लागलंय

कॉटबेसिस
रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं मिळून वीस-बावीस मिनिटांची एक शॉर्टफिल्म करतोय. पैसे खिशातले, कॅमेरा एका मित्राचा, म्हणजे डोक्यावर बसायला प्रोड्युसर नावाचा प्राणीच नाही, तरी भांडणं चालूच आहेत. गोष्ट दोस्तोव्हस्कीची ‘व्हाइट नाइट्स’, १८४८ सालची. लहानशी आहे, एका बैठकीत वाचून होते. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. २६ वर्षांचा एक मुलगा, पीटर्सबर्गात आठ वर्षं राहतोय पण ओळखीचं कोणी नाही, इतकं की रस्त्यावरच्या घरांशीच मनातल्या मनात गप्पा मारतो. एका रात्री कालव्याच्या कठड्याला टेकून रडणारी एक मुलगी दिसते, नास्तेंका, वय १७. तिच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहणारा एक माणूस तिला वर्षाने येतो सांगून गेलाय. वर्ष झालं. ती वाट बघतेय. मग हापण तिच्याबरोबर वाट बघायला लागतो, तिची चिठ्ठी नेऊन पोचवतो, आणि व्हायचं तेच होतं, प्रेमात पडतो, जे करायचं नाही हीच तिची पहिल्या दिवशीची अट होती. चौथ्या रात्री ती रडून थकून म्हणते जाऊदे, तुझ्याशीच लग्न करीन, दोघं अगदी कुठे राहायचं इथपर्यंत येतात आणि नेमका तेव्हाच तो माणूस समोरून येतो. ती त्याच्याकडे धावते, परत येऊन याला एकदा घट्ट धरते आणि गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी माफीचं पत्र येतं, बस.

आमचा हिरो सावंतवाडीकडचा, एका हॉटेलात बिलिंगला, पर्वरीत कॉट बेसिसवर राहतो, रात्री जेवून पणजीत उगाच भटकतो. मुलगी मांडवीपलीकडच्या बेतीची, शेवटच्या फेरीबोटीने घरी जाणारी. पीटर्सबर्गसारखी पांढरी रात्र आपल्याकडे कुठून आणणार, पण मांडवीत कसिनोच्या बोटींचा इतका उजेड असतो की काठावर धड काळोख पडतच नाही, तीच आमची पांढरी रात्र. आणि घरांशी बोलायला फोंताइन्हास, पणजीतली रंगीत घरांची जुनी वस्ती, आहेच. मूळ गोष्टीत त्याच्या आवडत्या गुलाबी घराला कोणीतरी पिवळा रंग फासतं आणि तो दुखावतो, हे वाचलं तेव्हाच मला वाटलेलं की हे आमच्या इथलंच आहे.

भांडण शेवटावरून. चौघांतले दोघं म्हणतात असला शेवट कोणी बघत नाही, ‘सावरिया’ याच गोष्टीवरचा होता आणि आपटला, आपण हिरोला काहीतरी मिळवून देऊ. मी नाही म्हणतोय पण मला नीट मांडता येत नाहीये. तर प्रश्न असा की ‘सावरिया’ शेवटामुळे पडला का? आणि या गोष्टीवरचे बाकीचे सिनेमे कोणी बघितलेत का, त्यांनी काय केलं?


चौथी_रांग
रात्री ११:५६

शेवटामुळे नाही पडला. डोळ्यांसमोर २००७ ची दिवाळी आण. ९ नोव्हेंबरला एका बाजूला ‘ओम शांती ओम’, शाहरुख, डिस्को, पुनर्जन्म, आणि दुसऱ्या बाजूला निळ्या-हिरव्या रंगात बुडवलेलं कुठलंच नसलेलं एक गाव, नवा हिरो, नवी हिरोइन. लोक कुठे जाणार होते? पण ती तिकीटबारीची गोष्ट झाली, ती सोड, तुमच्या कामाची नाही.

कामाची गोष्ट ही की भन्साळीने एकटा माणूस काढूनच टाकला. पुस्तकातल्या पोराला बोलायला माणूस नाही म्हणून तो घरांशी बोलतो, आणि म्हणून पहिल्यांदा कोणी ऐकून घेणारं भेटलं की धबधब्यासारखा बोलत सुटतो, मुलगी मध्येच म्हणते बाबा तू पुस्तक वाचून दाखवल्यासारखं बोलतोस. आणि सिनेमात? रणबीर येतो, पहिल्या रात्रीपासून अख्खी गल्ली त्याची मैत्रीण, घरमालकीण झोहरा सेहगल त्याच्यावर जीव टाकते, राणी मुखर्जी त्याच्यावर जीव टाकते, टॉवेलवालं गाणं बघून अर्धा देश त्याच्यावर जीव टाकतो. अशा माणसाला एक मुलगी नाही म्हणाली तर मला वाईट कशाला वाटेल, त्याला उद्या दुसरी भेटेल की. त्यात गोष्ट सांगते कोण तर राणीची गुलाबजी. म्हणजे जी गोष्ट एका लाजाळू माणसाने स्वतःच्या वहीत लिहावी तशी होती, ती आता दुसरंच कोणी त्याचं कौतुक करत सांगतंय. घोडं इथे पेंड खातंय, शेवटाशी नाही. शेवट तर त्याने तसाच ठेवलाय, हिरोइन सकीना सलमानच्या इमानबरोबर जाते.

आता बाकीचे. विस्कोंतीचा १९५७ चा इटालियन आहे, मास्त्रोयान्नी आणि मारिया शेल, व्हेनिसला सिल्व्हर लायन मिळालेला. तोपण सगळा स्टुडिओत, लिव्होर्नो शहरासारखा सेट उभा करून, कालवे, पूल, धुकं. म्हणजे सेटवर केलं म्हणून सिनेमा वाईट होतो असं अजिबात नाही. त्यातला हिरो जरा व्यवहारी आहे, नोकरी करणारा, चिडणारा. आणि त्याने एक मोठा बदल केलाय, तो मुद्दाम सांगतो: ती चिठ्ठी देते आणि हा फाडून पाण्यात टाकतो. पुस्तकातला पोरगा पोचवतो, हा फाडतो. पुढे स्वतःच तिच्याकडे कबूलही करतो. एवढ्या एका गोष्टीने सगळा सिनेमा वेगळा होतो, कारण आता ती त्याला सोडून गेली तर आपल्याला पूर्ण दया येत नाही आणि पूर्ण रागही येत नाही.

ब्रेसाँचा १९७१ चा, पॅरिसमधला, पों नफ पुलावरचा. त्यात हिरो चित्रकार, स्वतःची स्वप्नं टेपरेकॉर्डरमध्ये बोलून ठेवतो आणि परत ऐकतो. १९७१ मध्ये! आज व्हॉइस नोट म्हणतो आपण. जेम्स ग्रेचा ‘टू लव्हर्स’ २००८ चा, न्यूयॉर्कच्या ब्राइटन बीचवरचा, वाकीन फिनिक्स. तो सगळ्यात क्रूर, कारण तिथे हिरोला खरंच ‘काहीतरी मिळतं’. पहिलीसाठी घेतलेली अंगठी ती निघून गेल्यावर तो दुसरीला देतो, घरात सगळे खूश, आणि आपल्या पोटात खड्डा. तुझ्या त्या दोघा मित्रांना आधी हा दाखव. तमिळमध्येपण आहे, जननाथनचा ‘इयर्कै’, २००३, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, त्यात बंदर आहे, जहाजं आहेत, तुमच्या गोव्याला सगळ्यात जवळचा तोच.


पात्रांव_साडेतीन
रात्री १२:१०

सगळं ठीक आहे हो पण गोव्यात हे घडणारच नाही. पीटर्सबर्गात आठ वर्षं राहून कोणी ओळखत नाही, इथे आठ मिनिटं उभा राहा. ‘खंयचो? कोणालो?’ म्हणजे कुठला, कोणाचा. तिसऱ्या प्रश्नाला तुझी मावशी आणि माझा काका एकाच शाळेत निघतात. ती पोरगी धक्क्यावर दोन रात्री रडली तर तिसऱ्या रात्री तिच्या आईला बेतीच्या सगळ्या घरांतून फोन.

आणि एक वर्ष निरोप नाही? व्हॉट्सॲप नाही का त्याच्याकडे?


फोंडेकरीण
सकाळी ७:३२

पात्रांव, म्हणूनच त्याने हिरो सावंतवाडीचा घेतलाय ना, नीट वाचा. सिंधुदुर्गातून कामाला येणारी कितीतरी पोरं आहेत आमच्या फोंड्यातपण, शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी आणि सोमवारी पहाटे परत, त्यांना कोण विचारतंय ‘कोणालो’? आठ-आठ वर्षं बिल बनवून देणाऱ्या पोराचं नाव माहीत नसतं आपल्याला. मला तर ती निवड फार आवडली.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि जरा कडू आहे. मूळ पोस्टमध्ये नाही पण उद्या तुम्ही पोस्टरवर लिहाल ‘एकतर्फी प्रेमाची गोष्ट’. कृपा करून लिहू नका. मराठी पेपरात हे दोन शब्द कुठे येतात बघा. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.’ ‘एकतर्फी प्रेमातून पेटवले.’ वीस-पंचवीस वर्षं हेच वाचून वाचून तो शब्द पोलीस स्टेशनचा झालाय. मुलगी नाही म्हणाली तरी मागे लागणारा तो एकतर्फी प्रेमवाला. आणि आपल्या सिनेमांनी हातभार लावलाच, नाही म्हणजे हो, मागे लागत राहा, शेवटी पटते.

म्हणून तुमच्या मित्रांनी हिरोला काहीतरी मिळवून द्यायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. या गोष्टीतली सगळी गंमत हीच की त्याला काही देणं लागत नाही कोणी. ती पहिल्याच रात्री स्वच्छ सांगते, प्रेमात पडायचं नाही, मैत्री हवी असेल तर उद्या ये. तो पडतो, ती त्याची चूक. ती जाते आणि तो दुसऱ्या दिवशी बसून लिहितो की तू सुखी राहा, मला एक पूर्ण मिनिट आनंद मिळाला, माणसाच्या जन्माला तेवढा पुरेल की. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो पोरगा बावळट वाटलेला, कॉलेजात होते, आता माझी मुलगी कॉलेजात आहे आणि असे बावळट पोरगे जरा जास्त असते तर बरं झालं असतं असं वाटतं.

दुसरं, पहिली भेट सांभाळून लिहा. रात्री अकरा वाजता धक्क्यावर एकट्या मुलीजवळ अनोळखी मुलगा जातो, आज हे बघताना थिएटरातल्या प्रत्येक बाईचा हात पर्समधल्या फोनकडे जाणार. दोस्तोव्हस्कीला हे १८४८ मध्ये कळत होतं, म्हणून त्याने काय केलंय, हा आधी तिच्याजवळ जातच नाही, ती बाजू बदलून पुढे निघून जाते आणि तेवढ्यात एक झिंगलेला बाप्या तिच्या मागे लागतो तेव्हा हा काठी घेऊन धावतो. आणि वर परत ती याचा हात थरथरतोय हे बघते, त्यावरून तिला कळतं हा घाबरट आहे, याच्यापासून धोका नाही. तो थरथरणारा हात मिळाला पाहिजे तुम्हाला. जिमवाला पोरगा घेऊ नका.

जत्रेतल्या नाटकाला मात्र ही गोष्ट घेऊन येऊ नका हां. आमच्याकडे रात्री अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तेवढ्या वेळात निदान एकाने तरी मरावं किंवा निदान वेडं व्हावं अशी लोकांची अपेक्षा असते. 😄


कॉटबेसिस
सकाळी ९:०५

ताई, ‘एकतर्फी’ खरंच लिहिलेलं पोस्टरच्या मजकुरात. खोडला. थरथरता हात पण घेतला, आमचा नट तसाही कॅमेऱ्यासमोर थरथरतोच.

चौथी_रांग, तुम्ही चिठ्ठी फाडायचं सांगितलं त्यावर रात्रभर झोप नाही. पात्रांवने व्हॉट्सॲप विचारलं ना, तिथेच आम्हीपण अडकलेलो. आज चिठ्ठी कोण नेणार? पण सकाळी ऑफिसला जाताना पुलावर सुचलं. तिने त्याला इतके मेसेज केलेत, टिक एकच येते, म्हणजे ब्लॉक केलंय किंवा नंबर बदललाय. मग ती आमच्या हिरोला म्हणते तुझ्या फोनवरून पाठव ना, तुझा नंबर त्याला माहीत नाही. म्हणजे मेसेज याच्या फोनवरून जाणार आणि उत्तर आलं तर ते पहिलं याच्याच फोनवर येणार. ती तर फेरीतून घरी गेलेली.

हे बरोबर वाटतंय का? की फार चलाखी होतेय?


पात्रांव_साडेतीन
सकाळी ९:२०

आईशप्पथ. हे मला आवडलं. आता तुझा पोरगा रात्री पर्वरीच्या कॉटवर पडलाय आणि फोन उशाशी, आणि दोन निळ्या टिका. खल्लास.

पण एक विचारू का, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, आयडी ‘कॉटबेसिस’, हिरो कॉट बेसिस…


कॉटबेसिस
सकाळी ९:२२

तो विषय नको.


चौथी_रांग
दुपारी १:४०

फार चलाखी अजिबात नाही, उलट मूळ गोष्टीत तर याहून जास्त चलाखी आहे. हा मोठ्या मनाने तिला म्हणतो तू त्याला पत्र लिही, कसं लिहायचं तेपण सांगतो, वाक्यं जुळवून देतो, आणि ती लाजत लाजत आधीच लिहून बंद करून ठेवलेलं पत्र याच्या हातात ठेवते! तिला फक्त नेणारा हवा होता. म्हणजे वेडी ती नव्हतीच, वेडा हाच. तुमच्याकडे तिने मेसेज आधीच नोट्समध्ये टाइप करून ठेवलेला असूदे, फक्त कॉपी करून टाकायचा.

आणि आता माझं मत. त्याने उत्तर डिलीट केलं पाहिजे. उत्तर येतं, ‘उद्या रात्री येतो’, हा वाचतो आणि पुसतो. विस्कोंतीचा रस्ता. कारण आजच्या माणसाचा चांगुलपणा असा धुतलेल्या तांदळासारखा कोणी मानणार नाही. एका रात्रीपुरता तरी तो घसरला पाहिजे, मग चौथ्या रात्री ती ‘तुझ्याशीच लग्न करीन’ म्हणते तेव्हा ते त्याला चोरीच्या मालासारखं टोचेल, आणि तो माणूस समोर आला की हरण्याबरोबर सुटल्याचंही वाटेल त्याला. नट बरा असेल तर हे चेहऱ्यावर दाखवू शकतो.


फोंडेकरीण
दुपारी २:१५

नाही, मला हे पटत नाही. पुसलं की परत तीच गोष्ट झाली, प्रेमात पडलेल्या पुरुषाने मुलीच्या आयुष्यातलं काहीतरी स्वतःच्या हातात घेतलं आणि आपण त्याला समजून घ्यायचं. तिचा निरोप तो तिचा. उलट त्याने ते वाचून लगेच तिला फॉरवर्ड करावं, त्या फॉरवर्डच्या बाणावर अंगठा नेताना किती वेळ लागतो तेवढाच तुमचा सिनेमा आहे. घसरला पाहिजे काय, घसरायला सगळेच घसरतात, त्यात बघण्यासारखं काय आहे?


चौथी_रांग
दुपारी २:३१

ताई, पण मग चौथी रात्र उरतच नाही ना. तिला आदल्या रात्रीच कळलं तो येतोय तर ती याला लग्नाचं कशाला बोलेल? गोष्टीत उत्तर येतच नाही, थेट माणूस येतो, म्हणून ती रात्र शक्य होते.


फोंडेकरीण
दुपारी २:३८

हं. हे खरं आहे. मग उत्तर येऊच देऊ नका. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ते पुसण्याचं लफडंच नको.


जुनो_तारवटी
रात्री ८:५०

पोरांनो, नातवाने हे वाचून दाखवलं म्हणून लिहितोय, टायपिंगला वेळ लागतो मला. मी वास्कोचा. १९८४ ते २०१६ बोटीवर होतो, मालवाहू बोटी, आधी मेसमन मग कुक. तुमच्या गोष्टीतला तो गेलेला माणूस, तो मी. सगळे त्या काठावर उभ्या असलेल्या दोघांचं बोलताय, माझ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून जरा राग आला, रागावू नका.

पहिलं, पांढरी रात्र. मी बघितलीय. १९८९ च्या जूनमध्ये आमची बोट लेनिनग्रादला लागलेली, तेव्हा पीटर्सबर्गचं नाव तेच होतं. सूर्य रात्री खूप उशिरा बुडतो आणि बुडूनपण काळोख होत नाही, आपल्याकडे पाऊस थांबल्यावर संध्याकाळी सातला कसं होतं, तसंच रात्रभर. डेकवर उभं राहून बारा वाजता पेपर वाचता येतो. त्याच्याआधी नार्वेत नार्विकला गेलेलो, लोखंडाचं खनिज भरायला, आमच्या मुरगांवसारखंच, पण तिथे तर सूर्य बुडतच नाही त्या दिवसांत. लोकांना वाटतं किती सुंदर. दोन दिवस सुंदर. तिसऱ्या दिवशी झोप उडते, पोर्टहोलला टॉवेल लावून, वर पुठ्ठा लावून झोपायचो आम्ही. डोकं हलकं होतं, नको ते बोलतो माणूस, शेजारच्या बंकवाल्याला आयुष्यात कोणाला सांगितलं नाही ते मी तिथे सांगून टाकलं. तेव्हा त्या पुस्तकातला पोरगा चार रात्रींत एवढा बोलतो आणि ती पोरगी एका रात्रीत लग्नाला तयार होते, त्याचं मला काही नवल वाटत नाही. झोप नाही मिळाली की असंच होतं. तुमचा कसिनोचा उजेड त्याच्यासारखा नाही, तो डोळ्यात जातो, पण झोप दोन्हींनी जाते हे मात्र बरोबर. कसिनोच्या बोटीवर काम करणाऱ्या कुठल्यापण पोराला विचारा.

दुसरं, निरोप का नाही. आमच्या वेळेला पत्र पोर्टातल्या एजंटकडे यायचं, बोटीचा मार्ग बदलला की पत्र एका बंदरात आणि आपण दुसऱ्या. एकदा घरची चार पत्रं मला एकदम मिळाली, आधी शेवटचं उघडलं, त्यात लिहिलेलं की आता आजी बरी आहे, मला आजी आजारी होती हेच माहीत नाही. आता वायफाय आहे बहुतेक बोटींवर, थोडं का होईना. म्हणजे आज नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये जो बोलत नाही, तो स्वतः ठरवून बोलत नाही. हे तुम्हाला सिनेमात सांगावं लागेल, टाळता येणार नाही.

का बोलत नाही, ते मी सांगतो. पैसे ठरल्याएवढे जमले नाहीत की माणूस बोलत नाही. ‘परत येईन तेव्हा लग्नाएवढं घेऊन येईन’ सांगितलेलं असतं. मग काँट्रॅक्ट मध्येच तुटतं, नाहीतर घरी बापाचं ऑपरेशन निघतं, आणि मग आज फोन करू, उद्या करू. नातू म्हणतो पुस्तकातपण तो माणूस गरीबच आहे, म्हणूनच वर्ष मागतो. आणि तो म्हणतो की तिथे तो गावात येऊन तीन दिवस झालेले असतात आणि तरी तिच्याकडे जात नाही. ते ऐकून मी गप्प झालो. मी चार दिवस गेलो नव्हतो. १९९१. साइन ऑफ करून, म्हणजे बोटीवरची नोकरी संपवून आलो, वास्कोला मित्राच्या खोलीवर चार दिवस बसून होतो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिच्या मामाने मला बघितलं तेव्हा कळलं सगळ्यांना. गोव्यात लपायला होत नाही.

तेव्हा त्याला नुसता शेवटी येऊन उभा राहणारा खांब करू नका. सलमान खान येतो काळे कपडे घालून आणि घेऊन जातो, असं नको. दोन मिनिटं द्या त्याला. तुमच्या त्या फोनवर मेसेज येतो तेव्हा तो कुठे बसलाय ते दाखवा.


पात्रांव_साडेतीन
रात्री ८:५८

काका 🙏 मग मिळाली का ती?


जुनो_तारवटी
रात्री ९:२४

ती आता आत डाळ फोडणीला घालतेय. पण तिने मध्ये दुसऱ्या कोणाला हो म्हटलेलं का, ते मी तिला कधी विचारलं नाही आणि विचारणारपण नाही.


कॉटबेसिस
रात्री १०:४७

काका, तुम्ही सगळी स्क्रिप्ट उलटीपालटी केलीत. आत्ता चौघं बसलोय, आमच्यातल्या त्या दोघांनी तुमचं पोस्ट तीनदा वाचलं आणि शेवट बदलायचं बोलणं आपोआप बंद झालं.

आता असं ठरलंय. मेसेज याच्या फोनवरून जातो. कट. म्हापशाचा बाजार, शुक्रवार, तो माणूस एका टपरीच्या मागे उभा राहून फोन बघतोय, अनोळखी नंबर, पण वाक्य तिचं. वाचतो. फोन खिशात घालतो. परत काढतो. उत्तर लिहीत नाही. इकडे पर्वरीत निळ्या टिका. म्हणजे फोंडेकरीणताईंचं झालं, उत्तरच नाही. पण चौथी_रांग, तुमचंही अर्धं घेतलंय: टिका निळ्या झालेल्या हा बघतो आणि दुसऱ्या रात्री ती विचारते ‘वाचलं का त्याने?’ तेव्हा तो म्हणतो, ‘माहीत नाही, मी बघितलं नाही.’ एवढंच. पुसत नाही, फाडत नाही, पण हे एक खोटं बोलतो. ते खोटं चांगुलपणाचं की स्वार्थाचं हे आमच्या चौघांतपण ठरत नाहीये आणि मला वाटतं ते तसंच राहूदे.

एक अडचण आहे. आजीची पिन. गोष्टीत नास्तेंकाची आजी आंधळी असते आणि नात पळून जाऊ नये म्हणून तिचा फ्रॉक आपल्या झग्याला पिनने टोचून ठेवते, हे मला कसंपण करून हवंय, पण आज कुठली मुलगी बसेल?


फोंडेकरीण
रात्री ११:०२

‘माहीत नाही, मी बघितलं नाही’ हे स्वार्थाचं आहे. पण ठेवा. 😊

पिनेला पर्याय आहे. आमच्या शेजारच्या आजीला दिसत नाही, ती नातीचा मोबाइल आपल्या उशीखाली ठेवते रात्री. काय करतेय ते दिसत नाही, पण फोन इथे म्हणजे पोरगी इथे. तुमची मुलगी धक्क्यावर येते तेव्हा तिच्याकडे फोनच नसतो, म्हणूनसुद्धा ती याचा फोन मागते. ब्लॉकबिकची भानगडच नको मग.


कॉटबेसिस
रात्री ११:०४

ताई!!! आणि फोन नाही म्हणून उद्या किती वाजता भेटायचं तेपण तोंडीच ठरणार, जुन्यासारखं!


चौथी_रांग
रात्री ११:१५

आजीची उशी घ्याच. ब्लॉकपेक्षा शंभरपट बरं.

शूटिंग कधी? जूनमध्ये करणार असाल तर एक सांगतो, धक्क्यावर रात्री पावसात बोलणं रेकॉर्ड होणार नाही. पत्र्यावरचा पाऊस माइकमध्ये तळणीसारखा येतो. एकतर सप्टेंबरपर्यंत थांबा नाहीतर संवाद नंतर डब करा, आणि तुमच्या थरथरणाऱ्या नटाला डबिंग जमेल असं वाटत नाही.


जुनो_तारवटी
रात्री ११:३१

सप्टेंबरात करा. चतुर्थीनंतर. बोटीवरची पोरं चतुर्थीला घरी यायचं बघतात, ज्याला यायला जमतं तो तेव्हाच येतो. आणि ज्याचं जमत नाही त्याच्या घरच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या आराशीखाली, कोण उभं असतं तेपण दाखवता येईल.

फेरीवाल्यांना आधी विचारून ठेवा, रात्रीच्या शेवटच्या खेपेला ते घाईत असतात, कोणासाठी थांबत नाहीत. आणि त्या पोरीला फेरीत चढताना मागे वळून बघायला लावू नका. रॅम्प ओला असतो, खाली बघूनच चढावं लागतं.